वऱ्हाडातला बिनकाट्याचा मासा

अमरावतीच्या राजापेठेतल्या मोठ्या किराणा दुकानांत आता बर्फाच्या कपाटात पांढऱ्या माशाची पाकिटं मिळतात. कातडी सोललेली, काटा काढलेला, डोकं-शेपूट-पर काहीच नसलेली तळहाताएवढी फाक. पाकिटावर ‘बासा’ लिहिलेलं. शिकायला आलेली मुलं-मुली, नोकरी करणारे नवरा-बायको ती घरी नेतात, गॅसवर तवा ठेवतात, थोडं तेल, मीठ, मिरपूड, आणि लगेच जेवायला बसतात. यात वाईट काही नाही. पोरांच्या पोटात मासा जातो याचं मला बरंच वाटतं. पण या पाकिटासोबत एक समजूतही घरोघर शिरली आहे, ती मात्र मला मान्य नाही. वऱ्हाडात मासा होताच कुठं, आपण ज्वारी, तुरीचं वरण आणि मटणाची माणसं. मासा आला तो मुंबईकडून, आणि बिनकाट्याचा तर कालपरवा, अशी ती समजूत.

मी शाळेत इतिहास शिकवला. अमरावतीचा परकोट १८०७ साली पेंढाऱ्यांच्या भीतीनं बांधायला घेतला, १८५३मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, १८६७मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे गेली, हे सगळं फळ्यावर लिहिलं. चुलीवर काय शिजत होतं हे कुठल्याच धड्यात नव्हतं. म्हणून निवृत्तीनंतर जमेल तसं मी ते विचारत गेले: घरातल्या म्हाताऱ्यांना, बाजारातल्या मासळीवाल्यांना, नदीकाठच्या भोयांना. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. तव्यावर भाजलेली पांढऱ्या, बिनकाट्याच्या माशाची फाक वऱ्हाडात राहू-कतल्यापेक्षा जुनी आहे. आणि ती आपल्याला कुणा शहराने नाही, आपल्या उन्हाळ्याने दिली.

नकाशा काढून बघा. अमरावती जिल्हा दोन समुद्रांच्या मधल्या पाणलोटावर बसला आहे. पेढी, चंद्रभागा, शहानूर यांचं पाणी पूर्णेत, पूर्णेचं तापीत आणि तापीचं अरबी समुद्रात. जिल्ह्याच्या पूर्वेच्या अंगाला वर्धा वाहते. ती पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, गोदावरीत जाते आणि बंगालच्या उपसागरात पोचते. मेळघाटातली सिपना तापीची. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन खोऱ्यांचे मासे. पण या नद्या बारमाही भरून वाहणाऱ्या नव्हेत. होळी झाली की धार तुटते, पात्रात वाळू उघडी पडते, आणि पाणी उरतं ते डोहांत. डोहही वैशाखात आटत जातो, पाणी कोमट आणि गढूळ होतं, त्यातला प्राणवायू संपत येतो. अशा पाण्यात कोण तगणार? जो पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेऊ शकतो तो. मरळ घेते. मागूर घेतो. वाम चिखलात अंग खुपसून पडून राहते. आता या तिघांच्या अंगात डोकवा: कुणाच्याही मांसात राहूसारखे इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे बारीक काटे नाहीत. मधला कणा ओढून काढला की उरतं ते सलग मांस, आणि मरळीचं तर पांढरंशुभ्र. कोरड्या मुलखात जे मासे टिकले, ते नेमके सोलून भाजण्याजोगे निघाले.

मरळ बाजारात जिवंत यायची, अजूनही येते. घमेल्यात चार बोटं पाणी, वरून ओलं गोणपाट, आणि त्याखाली काळी-हिरवी, सापासारख्या डोक्याची मरळ मधूनच उसळी मारते. बर्फ नव्हता तेव्हा हा गुण फार मोलाचा होता. नदीवरून पहाटे निघालेली बैलगाडी दुपारी शहरात पोचेपर्यंत इतर मासा नरम पडायचा, मरळ तशीच. भोईण सांगायची, “बाई, जिती हाय, पाह्यजा कशी उडते.” पारखायला आणखी काही लागत नसे.

आमच्याकडे मासा घरातल्या चुलीवर कधी शिजला नाही. परसात कुंपणाला लागून तीन दगडांची वेगळी चूल, वेगळा तवा, वेगळी परात. पुष्कळ कुणबी घरांत हीच रीत होती. आजी आधी चुलीतली थंड राख हाताला आणि माशाला फासायची, कारण मरळ हाताला बुळबुळीत लागते आणि राखेशिवाय धरताच येत नाही. विळीवर खवलं उलट्या बाजूनं खरवडायची, डोकं वेगळं करायची. ते रश्श्याचं, त्याची चव दुसऱ्या कशाला येत नाही. मग धड आडवं न कापता पाठीकडून उभं चिरायचं. कण्याला लागून विळी सरळ शेपटीपर्यंत. कणा हातानं ओढला की दोन लांब फाका मोकळ्या. त्यांना मीठ-हळद चोळून सुपात तिरपं ठेवायचं, म्हणजे सुटलेलं पाणी खाली निथळतं. त्यानंतर कापडानं टिपून लसूण, जिरं आणि भिवापुरी मिरचीचं वाटण, आणि शेवटी ज्वारीचं पीठ.

रवा आणि तांदळाचं पीठ ही किनाऱ्याची रीत. आपल्याकडे ज्वारी, आणि ती या कामाला उत्तम आहे असं माझं मत. ज्वारीचं पीठ मसाल्याला घट्ट धरतं, भाकरीच्या पापुद्र्यासारखं खरपूस होतं आणि तेल फार पीत नाही. तेलही आपलंच होतं, घाण्यावरचं करडईचं किंवा जवसाचं. जवसाच्या तेलाला उग्र वास, म्हणून माशाला बहुतेक करडई. शेंगदाण्याचं तेल पैसेवाल्याचं.

तवा बिडाचा, जाड. आधी रिकामा तापवायचा, मग तेल, मग फाक, आणि मग हात मागे घ्यायचा. आजीचा सगळ्यात कडक नियम हाच होता: एकदा टाकली की हलवायची नाही. तिला कारण विचारलं तर ती म्हणे, “तिच्या मनानं सुटते.” कारण मी नंतर वाचलं. ओला मासा गरम लोखंडाला लागला की मांसातली प्रथिनं धातूला चिकटतात. खालची बाजू पुरती भाजून तिच्यावर कोरडं कवच आलं की तीच फाक आपोआप सुटते. घाई करून उलथनं घातलं की अर्धी फाक तव्यावर राहते. माशाचं मांस कोंबडी-बकऱ्यासारखं नाही, साठ अंश सेल्सिअसच्या आसपास ते शिजून मोकळं होतं. त्यापुढे आच दिली तर आतलं पाणी पिळून निघतं आणि मासा चोथट होतो. आजीकडे कुठलं मापक नव्हतं. फाकेच्या कडेचा पारदर्शक रंग दुधासारखा होत वर चढायचा, आणि तो मध्यापर्यंत आला की ती उलटायची.

हे सगळं पुस्तकात का नाही, याचं उत्तर शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. माशावर लिहिणारे लोक आपल्याकडे जुने आहेत. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वरानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात माशांच्या जाती, त्यांना घालायचं खाद्य, गळ टाकण्याची रीत आणि मासे रांधण्याची रीतसुद्धा आहे. म्हणजे दख्खनच्या राजाला गोड्या पाण्यातल्या माशाचं वावडं नव्हतं. पण मराठी छापील पाकशास्त्रात मासा आला तो समुद्रकाठचा. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे १९१० साली निघालेलं पुस्तक मुंबईच्या पाठारे प्रभू स्वयंपाकघरातलं. वऱ्हाडातल्या परसातल्या चुलीपर्यंत असं पुस्तक लिहिणारं कुणी आलं नाही.

दुसरं कारण आपल्याच मातीतलं. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर म्हणजे महानुभावांची काशी. चक्रधरस्वामींच्या अहिंसेचा ठसा या भागावर सातशे वर्षांचा आहे. गाडगेबाबांनी गावोगाव कीर्तनातून देवापुढे मुकं जनावर मारू नका म्हणून सांगितलं, मांस-दारू सोडायला लावली. त्यांनी देहही २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढीच्याच काठी ठेवला. राजापेठ तर अंबादेवीच्या पायाशी. नवरात्रात इथल्या किती घरांत भांडी घासून-पुसून वेगळी ठेवतात ते मी लहानपणापासून पाहते आहे. या सगळ्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला की मासा खाणारी घरं खायची आणि बोलायची नाहीत. जे बोललं गेलं नाही ते लिहिलं गेलं नाही.

आणि समुद्राचा मासा? तो ताजा येण्याच्या कितीतरी आधी सुका आला. बोंबील, सुकट. मुंबईची रेल्वे भुसावळ-बडनेऱ्यावरून जाऊ लागल्यावर ही पोती आठवडी बाजारात सहज पोचू लागली. शेतमजुराच्या घरी सुकटीची चटणी आणि भाकर हे जेवण होतं, अजून आहे. वैशाखात भाजी नसते तेव्हा मूठभर सुकट तव्यावर कोरडीच परतायची, पाट्यावर लसूण-तिखटासोबत रगडायची. मासा म्हणताच वऱ्हाडी माणसाला सुकट आठवते ती यामुळे.

  इकडे नद्यांतला मासा घटतो आहे, बारीक जाळ्यांनी पिल्लंसुद्धा उपसली जात आहेत, असा अहवाल इंग्रज सरकारचे मत्स्यअधिकारी फ्रान्सिस डे यांनी १८७३मध्ये दिला होता. पुढे १८९७च्या कायद्यानं सुरुंग लावून आणि विष कालवून मासे मारायला बंदी आली. पण पाणी वाढवण्याचा, मासा वाढवण्याचा विचार फार उशिरा झाला.

तो झाला आणि राहू आली. आज आपण राहूला आपला मासा समजतो. राहू, कतला, मृगळ हे गंगेकडचे. या माशांची अडचण अशी की तळ्यात ते वाढतात, पण अंडी घालत नाहीत. त्यांना पूर आलेली, वाहती नदी लागते. म्हणून बंगालमध्ये पुरासोबत वाहून आलेली अंडी-पिल्लं कापडी जाळ्यांत गोळा करत आणि मातीच्या हंड्यांत घालून रेल्वेनं देशभर पाठवत. हंडीसोबत माणूस बसायचा आणि हातानं पाणी हलवत राहायचा, नाहीतर पिल्लं गुदमरून मरत. वाटेत किती मरत याला हिशेब नव्हता. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथं हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या डोक्यातल्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना तळ्याच्या पाण्यात अंडी घालायला लावलं. देशातल्या मत्स्यशेतीची दिशा त्या एका दिवसानं बदलली, आणि आता १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. वऱ्हाडातल्या भोई वस्त्यांमध्ये हा दिवस जोरात साजरा व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

बीज मिळू लागलं तसं पाणीही आलं. शहराजवळचे छत्री तलाव आणि वडाळी हे इंग्रजी अमदानीत पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले. पण खरा बदल धरणांनी केला. अकोल्याकडे काटेपूर्णा आणि वान, इकडे शहानूर, चंद्रभागा, आणि सगळ्यांत मोठं मोर्शीजवळ सिंभोऱ्याचं ऊर्ध्व वर्धा. १९९३च्या सुमारास ते पूर्ण झालं, आणि राजापेठेच्या नळाला येणारं पाणी त्याच जलाशयातलं. आजच्या बाजारातली धरणाची राहू मागाल तर बहुधा तिथलीच मिळते. ज्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे, त्याच तालुक्यातलं हे मोठं मासेमारीचं पाणी.

राहू-कतल्यानं मासा मुबलक झाला, गरिबाच्या आवाक्यात आला. त्याचबरोबर काटा आला. वरच्या बाजूच्या मांसात रुतलेले ते दुहेरी टोकाचे काटे कुठल्याही सुरीला निघत नाहीत, म्हणून राहूची फाक कुणी काढत नाही. आडवे गोल तुकडे करतात आणि रश्श्यात सोडतात. एका पिढीत वऱ्हाडाची सवय बदलली. तवा बाजूला पडला, पातेलं पुढं आलं. पोरांना काटा काढून भरवणं हे आयांचं काम झालं, आणि काट्याला घाबरणारी पोरं ‘मला मासा आवडत नाही’ म्हणत मोठी झाली. आज चाळिशीत असलेली राजापेठेतली कितीतरी माणसं मला हेच सांगतात. त्यांना मासा नकोसा नव्हता, काटा नकोसा होता. आणि त्यांच्या आज्यांनी त्यांच्याच वयात बिनकाट्याची मरळ खाल्ली होती, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

या रिकाम्या जागेत पंगस आला, पाकिटावर ‘बासा’ म्हणून विकला जाणारा. व्हिएतनामच्या मेकाँग नदीकाठी पोसला जाणारा हा मिशीवाला मासा. त्याच्या गोठवलेल्या फाकांनी अमेरिकेच्या बाजारात एवढा शिरकाव केला की तिथल्या मासेउत्पादकांनी ओरड केली, २००२मध्ये त्याला ‘कॅटफिश’ म्हणून विकायला कायद्यानं मनाई झाली आणि पुढच्या वर्षी जादा करही बसला. १९९०च्या दशकात तो बांगलादेशमार्गे भारतात आला आणि आंध्रच्या तळ्यांत प्रचंड वाढला. तिथून बर्फाचे ट्रक नागपुराकडे येतात, पुढे आपल्याकडे. पंगसही हवा घेऊ शकतो, दाटीत जगतो, काटे नाहीत, मांस पांढरं. गुण पाहिले तर मरळीचेच. फरक चवीचा आणि कसाचा. मरळीचं मांस दाताखाली जाणवतं. पंगसाचं मऊ, पाणचट, स्वतःची चव फार नसलेलं. त्याला जी चव येते ती तुमच्या मसाल्याची.

पाकिटातली फाक तव्यावर टाकताच पाणी सोडते आणि भाजायच्या ऐवजी उकडते, ही तक्रार शेजारच्या सगळ्या सुनांची आहे. गोठवताना फाकेवर बर्फाचा थर दिलेला असतो, काही ठिकाणी पाणी धरून ठेवणारी द्रव्यंही वापरतात. त्यांना मी आजीचीच रीत सांगते. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या, नळाखाली धरू नका. मीठ लावून चाळणीत तिरपी ठेवा. स्वच्छ कापडात दाबून टिपा, दोनदा टिपा. मग ज्वारीचं पीठ, तापलेला जाड तवा, एका वेळी दोनच फाका. जास्त घातल्या की तवा थंड होतो. आणि हलवू नका. परसातली चूल गेली, वातीचा स्टोव्ह गेला, गॅस आला, पण यातला एकही नियम बदललेला नाही.

बाजारात बदललं ते निराळं. मासा ओळखणारी माणसं कमी होत चालली आहेत. भोई समाजानं या मुलखात पालख्या वाहिल्या, पाणी भरलं, उन्हाळ्यात नदीच्या वाळूत डांगरवाड्या लावल्या, तलावात शिंगाडे पिकवले. आपण एकादशीला खातो ते शिंगाडे आणि आपण आखाडात खातो तो मासा, दोन्ही त्याच हातांचं. धरणं झाल्यावर पाण्यावरचा त्यांचा हक्क ठेक्याच्या कागदावर आला. ज्या सहकारी संस्थेजवळ ठेक्याचे पैसे आणि कागद हाताळणारा माणूस आहे तिचं भागतं. बाकीच्यांची पोरं बांधकामावर जातात. बाजारात बसणाऱ्या बायाच आता या ज्ञानाच्या वारसदार आहेत. कोणत्या पाण्यातली मरळ चिखलाची लागेल, कोणती गोड, वाम कुठल्या महिन्यात भरलेली असते, हे त्यांना पाठ आहे आणि कुठंही लिहिलेलं नाही. एकीला मी विचारलं, पाकीटवाल्या माशामुळे धंदा बसला का? ती म्हणाली, “लेकरायले तो द्या बाई, काटा नाई त्याले. पण तुमाले मासा खाचा असन तं मरळ न्या.” मला यापेक्षा नेमका निवाडा ठाऊक नाही.

महाराष्ट्रानं २०२३मध्ये पापलेटला राज्यमासा ठरवलं. त्याला माझी हरकत नाही, समुद्राचा मान समुद्राला. पण अमरावती-अकोल्यातल्या शाळांनी, महाविद्यालयांनी आपल्या नद्यांचे मासे, त्यांची इथली नावं आणि ते रांधायच्या रीती नोंदवून ठेवाव्यात अशी माझी कळकळीची विनंती आहे. इतवाऱ्याच्या बाजारातल्या एखाद्या म्हाताऱ्या मासळीवालीजवळ विद्यार्थ्यांनी वही घेऊन बसावं. तिच्यानंतर हे सांगणारं कुणी राहणार नाही.

आणि वाचकांनी एवढं करावं. पुढच्या खेपेला पाकीट उचलण्याआधी बाजारात मरळ आहे का विचारा, महाग वाटली तरी एकदा घ्या, आणि विकणारीकडूनच पाठीतून उभी चिरून, कणा काढून मागा. त्या आनंदानं करून देतात. फक्त पावसाळ्यात मागू नका. तेव्हा मरळ अंडी घालते आणि लाल पिल्लांच्या घोळक्याभोवती नर-मादी दोघं राखण करत फिरतात. ती जोडी पकडली की पिल्लं जगत नाहीत. दिवाळीनंतर घ्या.